कला हे शिक्षणाचे अधिष्ठान : देवी प्रसाद यांच्या कलाशिक्षणविचाराची सौंदर्यशास्त्रीय चिकित्सा

प्रास्ताविक

शिक्षणात कलेचे स्थान कोणते, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. कलेमुळे विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास होतो, त्याच्या सर्जनशीलतेला वाव मिळतो, अशी विधाने अभ्यासक्रमाच्या जवळजवळ प्रत्येक आराखड्यात आढळतात. ती खरी मानावयाची तर कोणत्या निकषावर, याचे विवेचन मात्र क्वचितच केलेले असते. परिणामी कलाशिक्षणाचे समर्थन करणाऱ्यांची संख्या मोठी आणि त्या समर्थनाची तात्त्विक तपासणी करणाऱ्यांची संख्या अत्यल्प, असे चित्र निर्माण झाले आहे.

या पार्श्वभूमीवर विदर्भाच्याच भूमीत आकारास आलेल्या एका कलाशिक्षणविषयक संशोधनाचा परामर्श घेणे अगत्याचे ठरते. चित्रकार, कुंभकलावंत व शिक्षक देवी प्रसाद (१९२१-२०११) हे १९४४ ते १९६२ या काळात सेवाग्राम येथील नयी तालीमच्या कार्यात होते. तेथील मुलांबरोबर केलेल्या कामातून त्यांचा ‘बच्चों की कला और शिक्षा’ हा हिंदी ग्रंथ १९५९ मध्ये सिद्ध झाला. पुढे १९९८ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ या नावाने त्याचा इंग्रजी अवतार प्रकाशित केला. दुसरीकडे, खामगाव येथे जन्मलेल्या रा. भा. पाटणकर (१९२७-२००४) यांचा ‘सौंदर्यमीमांसा’ हा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. पहिला ग्रंथ शिक्षणशास्त्राच्या कपाटात आणि दुसरा मराठी विभागाच्या कपाटात राहिला. महाविद्यालयीन ग्रंथालयात ही दोन कपाटे फार दूर नसतात. तरीही हे दोन ग्रंथ एकमेकांसमोर ठेवून वाचण्याचा प्रघात पडला नाही. देवी प्रसाद यांच्या विचारात जो ताण आहे, तो त्यांनी स्वतः पुरता उलगडला नाही आणि तो उलगडण्यासाठी लागणारी परिभाषा पाटणकरांच्या ग्रंथात उपलब्ध आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वर्धा योजनेतील चाळीस मिनिटे

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिच्या ठरावांनुसार डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या समितीने सुचविलेल्या वेळापत्रकाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे देण्यात आली होती. मातृभाषेला ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना मिळून ३० मिनिटे, शारीरिक शिक्षणाला १० मिनिटे आणि मधल्या सुटीला १० मिनिटे. उरलेली ४० मिनिटे संगीत, चित्रकला आणि गणित या तिघांत वाटून द्यावयाची होती. गणिताशी चाळीस मिनिटांची वाटणी करताना चित्रकलेच्या वाट्याला काय उरत असेल, हे शाळेत शिकविलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही.

तथापि हा केवळ वेळेचा प्रश्न नाही. समितीने चित्रकलेची जी उद्दिष्टे नोंदविली, त्यांत आकार व रंग यांतील भेद ओळखण्याची डोळ्याला सवय लावणे आणि निसर्गातील व कलेतील सौंदर्याचा आस्वाद घेता येणे ही होती, तशीच बनवावयाच्या वस्तूचे कार्योपयोगी रेखाटन करता येणे हेही होते. एका उद्दिष्टात सौंदर्य हे स्वतःच पुरेसे प्रयोजन आहे, तर दुसऱ्यात चित्र हे सुताराच्या किंवा विणकराच्या कामाची पूर्वतयारी आहे. ही दोन्ही उद्दिष्टे एका यादीत शेजारी-शेजारी ठेवताना त्यांचे परस्परांशी नाते काय, याचा उलगडा समितीने केला नाही. तो करणे हे तिचे काम नव्हते, असेही म्हणता येईल. मात्र उद्योगातून शाळेचा खर्च भागविण्याच्या कल्पनेवर परिषदेतच प्रा. के. टी. शाह यांनी आक्षेप घेतला होता, आणि आर्थिक बाजूवर भर देताना सांस्कृतिक व शैक्षणिक हेतूंचा बळी जाण्याचा धोका समितीच्या अहवालातही मान्य केलेला आहे. म्हणजे ताण ठाऊक होता. त्याला नाव नव्हते.

शांतिनिकेतनातून सेवाग्रामात

देवी प्रसाद यांचे कलाशिक्षण शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली झाले. सेवाग्रामच्या शैक्षणिक कार्याची धुरा वाहणारे आर्यनायकम् दाम्पत्यही शांतिनिकेतनातूनच आलेले होते. त्यामुळे सेवाग्राम हे गांधींचे आणि शांतिनिकेतन हे टागोरांचे, एक श्रमाचे व दुसरे आनंदाचे, अशी जी सोपी विभागणी पाठ्यपुस्तकांतून केली जाते ती टिकत नाही. नंदलाल बोस यांनी डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून उभी केली होती आणि १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी ग्रामजीवनाची चित्रे रंगविली होती. त्याच नंदलालांचा शिष्य पुढे वर्ध्याजवळच्या एका खेड्यात मुलांच्या हाती रंग देतो, यात एक सलगता आहे.

परंतु सलगतेबरोबर अंतरही होते. १९२४ मध्ये शांतिनिकेतनचे विद्यार्थी जी. रामचंद्रन यांच्याशी झालेल्या आणि ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झालेल्या संवादात गांधींनी भिंतीवरील चित्रांपेक्षा ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाला पसंती दिली होती व सत्यापासून वेगळे असे सौंदर्य मानण्यास नकार दिला होता. ही भूमिका स्वीकारली तर कलेला स्वतंत्र तास देण्याचे कारणच राहत नाही. देवी प्रसाद यांना कलेचा तास हवा होता, आणि तो त्यांना गांधींच्या शाळेत हवा होता. त्यांच्या संपूर्ण मांडणीचा जोर व तिची अडचण या एका गोष्टीतून निर्माण होतात.

त्यांच्या ग्रंथाच्या इंग्रजी शीर्षकात हर्बर्ट रीड यांचा प्रतिध्वनी स्पष्ट आहे. ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ (१९४३) या ग्रंथात रीड यांनी कला हाच शिक्षणाचा पाया असावा हा प्लेटोचा विचार पुन्हा मांडला होता. देवी प्रसाद हा विचार उचलतात, पण त्याला सेवाग्रामच्या मातीत रुजविताना त्यात महत्त्वाचा बदल करतात. युरोपातील बालकलेची चळवळ, उदाहरणार्थ व्हिएन्नातील फ्रान्झ चिझेक यांचा वर्ग, प्रामुख्याने कागद व रंग यांच्याभोवती फिरत होती. सेवाग्राममध्ये मुलाचा हात कागदावर चालण्याआधी चरख्यावर, मातीवर, शेतात चाललेला असतो. म्हणून चित्र आणि हस्तव्यवसाय यांच्यामधील भिंत देवी प्रसाद पाडू पाहतात. मुलाचे चित्र ही प्रौढाच्या चित्राची अपुरी आवृत्ती नाही, त्याला स्वतःचा तर्क आहे. शिक्षकाने नमुना देऊन ते सुधारू नये, तर मुलाच्या अनुभवाचे वातावरण समृद्ध करावे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

येथे मडक्याचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. देवी प्रसाद यांची पुढील काळातील ख्याती प्रामुख्याने कुंभकलेमुळे झाली, हा योगायोग समजू नये. कागदावरील चित्र सुंदर असावे एवढीच अपेक्षा असते. मडक्याने पाणीही धरले पाहिजे. त्याची मान फार अरुंद झाली तर हात आत जात नाही, पोट फार पसरले तर भाजताना तडा जातो. चाकावर बसलेल्या मुलाला आकाराचे भान उपयोगाच्या भानापासून वेगळे करता येत नाही. कांटने १७९० च्या ग्रंथात मुक्त सौंदर्य आणि वस्तूच्या प्रयोजनावर अवलंबून असलेले सौंदर्य असा जो भेद केला, आणि मराठी सौंदर्यविचारात जो स्वायत्त व परायत्त सौंदर्य या संज्ञांनी रुळला, त्यातील दुसरा प्रकार मडक्यात हाताला लागतो. कांटला परायत्त सौंदर्य हे अशुद्ध वाटले. सेवाग्रामच्या कलावर्गात मात्र नेमके तेच शिक्षणदृष्ट्या अधिक समृद्ध ठरते, कारण तेथे मूल जे घडवते त्याचा न्याय वस्तू स्वतः करते. देवी प्रसाद यांनी ही गोष्ट कांटच्या भाषेत मांडलेली नाही. ती तशी मांडली असती तर त्यांचा ग्रंथ केवळ शिक्षकांसाठीचे मार्गदर्शन न राहता सौंदर्यशास्त्रातील एक प्रतिवाद म्हणून वाचला गेला असता.

शांततेचे प्रयोजन

देवी प्रसाद यांच्या मांडणीत कलाशिक्षणाची दोन समर्थने एकत्र नांदतात. पहिले असे की, आत्माविष्कार ही मुलाची मूलभूत गरज आहे व तिला अन्य समर्थनाची आवश्यकता नाही. दुसरे असे की, ज्याच्या सर्जक प्रेरणांना वाव मिळतो त्याच्या ठिकाणी विध्वंसक प्रेरणा बळावत नाहीत. म्हणून कलाशिक्षण हे अहिंसक समाजाच्या घडणीचे साधन आहे. दुसरे समर्थन त्यांच्या जीवनाशी इतके निगडित आहे की त्याकडे तात्त्विक प्रतिपादन म्हणून पाहणे कठीण जाते. १९६२ मध्ये ते युद्धविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेचे, वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनलचे, सरचिटणीस म्हणून लंडनला गेले आणि शांतता व शिक्षण यांचा संबंध हा त्यांच्या उत्तरायुष्यातील लेखनाचाही विषय राहिला. रीड यांनीही दुसऱ्या महायुद्धानंतर ‘एज्युकेशन फॉर पीस’ (१९४९) लिहिले होते.

आदर बाळगूनही येथे आक्षेप घेणे भाग आहे. कलेचा आस्वाद आणि क्रौर्य एकाच समाजात, किंबहुना एकाच माणसात, सुखाने नांदू शकतात, हे विसाव्या शतकातील युरोपने दाखवून दिले. तेव्हा कलेमुळे माणूस शांत होतो हे विधान अनुभवाधिष्ठित मानले तर त्यास पुरावा हवा. आणि तो पुरावा सेवाग्रामसारख्या एका आश्रमीय परिसरातून मिळू शकत नाही, कारण तेथे मुलांवर प्रार्थना, सामूहिक श्रम, सफाई, सहभोजन असे कितीतरी संस्कार एकाच वेळी होत होते. त्यांपैकी कोणत्या संस्काराने काय साधले, हे वेगळे काढणार कसे? दुसरे असे की, शांतता हे प्रयोजन कितीही उदात्त असले तरी त्यामुळे कला पुन्हा साधनच ठरते. ज्या उपयुक्ततावादातून देवी प्रसाद कलेला सोडवू पाहत होते, तो मागच्या दाराने परत येतो.

चाक कोणाचे?

याहून गंभीर मर्यादा मात्र अन्यत्र आहे. देवी प्रसाद यांच्या विवेचनातील ‘मूल’ हे बहुतांशी जातविरहित मूल आहे. रीड यांचे मूल तसे असणे समजू शकते. पण वऱ्हाडातील किंवा वर्धेकडील खेड्यात चाक, चामडे, माग यांपैकी प्रत्येकाला जात चिकटलेली होती. आश्रमात सर्व जातींची मुले एकत्र काम करीत आणि हेतू जातिभेदाच्या निर्मूलनाचाच होता, यात शंका नाही. तरीही पांढरपेशा घरातील मुलाला चाकावर बसताना जी मुक्ती जाणवते, ती कुंभाराच्या मुलाला जाणवेलच असे नाही. त्याच्यासाठी शाळा ही चाकापासून दूर नेणारी एकमेव वाट असू शकते. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच जातिव्यवस्था ही कामे वाटून थांबत नाही, ती माणसांनाच श्रेणीबद्ध कप्प्यांत टाकते, हे दाखवून दिले होते. मद्रास प्रांतात राजगोपालाचारी यांनी १९५३ मध्ये आणलेली, मुलांनी अर्धा वेळ घरच्या व्यवसायात घालवावा अशी योजना ‘कुलशिक्षण’ म्हणून धिक्कारली गेली व १९५४ मध्ये मागे घ्यावी लागली. वर्धा योजना आणि ही योजना यांत मूलभूत फरक आहे. परंतु हाताच्या कामाला शिक्षणात आणताना हा प्रश्न टाळता येत नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते. ‘बच्चों की कला और शिक्षा’ त्यानंतर पाच वर्षांनी आले. वंशपरंपरागत व्यवसायातील कौशल्य आणि मुक्त आविष्कार यांच्यातील हा पेच त्या ग्रंथाच्या केंद्रस्थानी येऊ शकला असता. तो आला नाही.

पाटणकरांच्या मांडणीतून

पाटणकरांनी कलाविषयक सिद्धान्तांची लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशी विभागणी केली. पहिल्या भूमिकेनुसार कलेचे मूल्य जीवनातील इतर मूल्यांशी जोडलेले असते. दुसऱ्या भूमिकेनुसार कला स्वायत्त असून तिचे निकष तिच्याच विश्वातून यावे लागतात. मर्ढेकरांचा लयसिद्धान्त दुसऱ्या बाजूचा मराठीतील सर्वांत काटेकोर आविष्कार होय. पाटणकरांचे वैशिष्ट्य असे की, विश्लेषक तत्त्वज्ञानाची हत्यारे वापरून त्यांनी साहित्य ही संकल्पनाच द्विध्रुवात्मक असल्याचे दाखविले. दोन्ही ध्रुव तिच्या घडणीत अंतर्भूत असल्याने एकाचा निर्णायक विजय संभवत नाही.

हे सूत्र सेवाग्रामच्या कलावर्गास लावले तर अनेक गोष्टी स्पष्ट होतात. झाकिर हुसेन समितीच्या यादीतील ती दोन उद्दिष्टे ही गोंधळाची खूण ठरत नाहीत. देवी प्रसाद यांची दोन समर्थनेही परस्परांना छेद देणारी चूक न ठरता एकाच संकल्पनेच्या दोन ध्रुवांमधील ओढ ठरतात. मात्र हे मान्य करताना शिक्षकाला एक सवलत नाकारावी लागते. आपण कोणत्या क्षणी कोणत्या ध्रुवाकडे उभे आहोत, हे त्याने लपवू नये. मुलाचे चित्र चांगले आहे असे म्हणताना ते चित्र म्हणून चांगले की ते काढताना मुलाचे काही भले झाले म्हणून चांगले, या दोन निर्णयांची सरमिसळ देवी प्रसाद यांच्या विवेचनात आढळते. बालकलेवरील बहुतेक लेखनात ती आढळते.

पाटणकरांचीही मर्यादा येथेच नोंदवावयास हवी. ‘सौंदर्यमीमांसे’तील रसिक आधीच घडलेला आहे. तो कादंबरी वाचतो, नाटक पाहतो, त्यावर मूल्यविधान करतो. तो कसा घडला, कोणत्या वयात व कोणाच्या हाताखाली, हा त्या ग्रंथाचा विषय नाही. मर्ढेकरांबाबतही हेच म्हणता येईल. मराठी सौंदर्यशास्त्राने कलाकृती आणि आस्वादक यांची सूक्ष्म चर्चा केली, पण वर्ग नावाची जागा त्याच्या नकाशावर आली नाही. वास्तविक या विषयावर लिहिणारे बहुतेक सर्वजण पेशाने प्राध्यापक होते! देवी प्रसाद यांच्यापाशी वर्ग होता. जे एकाकडे होते ते दुसऱ्याकडे नव्हते, इतक्या साध्या शब्दांत ही उणीव सांगता येते.

नकलेविषयी

बालकलेच्या आधुनिक विचारात नकलेला जवळजवळ पातक मानले गेले आणि देवी प्रसादही त्यास अपवाद नाहीत. नमुना पाहून काढलेले चित्र मुलाच्या दृष्टीला बांधून टाकते, हा त्यांचा अनुभव विश्वसनीय आहे. परंतु कारंजा लाडसारख्या गावात बसून हा मुद्दा निःशंकपणे स्वीकारणे अवघड जाते. येथील जैन मंदिरांचे ग्रंथभांडार हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नकलेचे फलित आहे. १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ हे दहाव्या शतकातील अपभ्रंश काव्य आधुनिक वाचकापर्यंत पोहोचले ते कोणा लेखनिकांनी अक्षरामागून अक्षर उतरवून घेतले म्हणून. त्या लेखनिकांचे वळण, समास सोडण्याची पद्धत, ओळीची भरणी ही कौशल्ये नकलेतूनच हाती आलेली होती. संगीताच्या गुरुकुल परंपरेत तर अनुकरण हीच पहिली पायरी असते आणि त्यातूनच पुढे गायकाचा स्वतःचा आवाज सापडतो. तेव्हा नकलेला विरोध करताना कोणत्या वयातील, कोणत्या कलेतील व कोणत्या हेतूची नकल, हा विवेक आवश्यक आहे. देवी प्रसाद यांचे म्हणणे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या चित्राबाबत जितके पटते तितके चौदा वर्षांच्या विणकराबाबत पटत नाही.

गुणदानाचा प्रश्न

कोठारी आयोगाने (१९६४-६६) मूलोद्योगाची जागा ‘कार्यानुभवा’ला दिली आणि महाराष्ट्रातील शाळांत तो विषय व चित्रकला यांचे तास वेगळे झाले. देवी प्रसाद यांनी पाडू पाहिलेली भिंत वेळापत्रकानेच पुन्हा बांधली. शासकीय रेखाकला परीक्षांत, एलिमेंटरी व इंटरमिजिएटमध्ये, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती अशा प्रश्नपत्रिका असतात आणि त्यांतील श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून या परीक्षांकडे ओढा वाढला. ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला रंगपेटी हाती धरण्याचे ते एक सबळ कारण ठरते, हे नाकारता येणार नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर दोन वर्षांच्या बी. एड्. अभ्यासक्रमात ‘शिक्षणातील नाट्य व कला’ हा घटक आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला-समेकित अध्ययनाचा पुरस्कार केला.

समेकनाचा शब्द ऐकावयास देवी प्रसाद यांच्या जवळचा वाटतो. प्रत्यक्षात पाठ टाचणात त्याचा अर्थ पुष्कळदा अपूर्णांक शिकविण्यासाठी रांगोळी, जलचक्र शिकविण्यासाठी नाटुकले, असा होतो. रांगोळीतून अपूर्णांक समजला की रांगोळीचे काम संपते. ती रांगोळी चांगली होती का, असे कोणी विचारीत नाही. यात कला लौकिक ध्रुवाकडे झुकते एवढेच नव्हे, तर दुसरा ध्रुव नजरेआड होतो. सेवाग्रामच्या मडक्यात उपयोग आणि आकार एकमेकांना धरून होते; अपूर्णांकाच्या रांगोळीत उपयोग रांगोळीच्या बाहेर असतो. २००५ मध्ये सेवाग्राम येथे ‘आनंद निकेतन’ ही नयी तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली. तिच्या अनुभवाकडे शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी या दृष्टीने पाहिले तर समेकनाचे हे दोन अर्थ प्रत्यक्ष कामात तपासता येतील.

आणि गुणदानाचे काय? बी. एड्.च्या छात्राध्यापकाची कला-प्रात्यक्षिकाची वही तपासताना परीक्षकासमोर दोन गोष्टी असतात : वहीतील कृती, आणि ती करताना छात्राध्यापकात झालेला बदल. पहिलीचे निकष सौंदर्यशास्त्राने द्यावयाचे, दुसरीचे शिक्षणशास्त्राने. गुणपत्रिकेत रकाना एकच असतो. बहुतेक ठिकाणी तो सुबकपणावर, म्हणजे समास, रंगभरणी व मुखपृष्ठ यांवर, भरला जातो, आणि सुबकपणा हा या दोन्हींपैकी कोणत्याच शास्त्राचा निकष नाही. त्या रकान्याचे दोन रकाने करून प्रत्येकाखाली कोणता निर्णय नोंदवावयाचा हे अभ्यासमंडळाने लिहून दिले, तर देवी प्रसाद आणि पाटणकर हे दोघेही संदर्भसूचीत एकत्र येण्यास किमान एक शैक्षणिक कारण निर्माण होईल.